मीटर बदलू नका, दुरुस्त करून घ्या!

जुन्या गाड्यांची रॅली असली की आपण हौसेने बघायला जातो. रंगाची तकाकी बघतो, क्रोमवर हात फिरवायचा मोह आवरतो, बॉनेट उघडलं की इंजिनाभोवती कोंडाळं करतो. पुढच्या खेपेला एवढं करा, खिडकीतून आत डोकावून डॅशबोर्ड बघा. घड्याळ बंद असतं. टाकी भरलेली असो वा रिकामी, पेट्रोलचा काटा एकाच जागी बसलेला असतो. काही गाड्यांत तर मूळ स्पीडोमीटर काढून त्या जागी बाजारात जे मिळालं ते बसवलेलं असतं.

इंजिन खणखणीत आणि डॅशबोर्ड मुका! मुंबई-पुण्यात हेच चित्र दिसतं आणि यांतल्या बऱ्याच गाड्यांच्या मायदेशी, इंग्लंडातही दिसतं. कारण साधं आहे. इंजिन उघडणारे हात अजून भरपूर आहेत. मीटर उघडणारे हात मात्र भराभर कमी होत चाललेत.

ही घसरण आपण थांबवू शकतो. त्यासाठी फार मोठा निधी लागणार नाही की सरकारी योजनेची वाट बघायला नको. आपण थोडे जण एकत्र आलो तरी पुरेसं आहे.

काय हातचं जातंय?

एमजी या ब्रिटिश गाडीचंच उदाहरण घेऊ. दुसरं महायुद्ध संपलं आणि 1945 मध्ये इंग्लंडातल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यातून एमजी टीसी बाहेर पडू लागली. जेमतेम 10 हजार गाड्या बनल्या, पण ‘स्पोर्ट्स कार’ म्हटलं की आजही अनेकांच्या डोळ्यांपुढे तीच उभी राहते. तिच्या डॅशबोर्डवर जेगर कंपनीच्या दोन मोठ्या डायली आहेत. चालकासमोर इंजिनाचे फेरे मोजणारा टॅकोमीटर आणि शेजारी बसणाऱ्यासमोर स्पीडोमीटर. टॅकोमीटरच्याच पोटात एक छोटं घड्याळ.

या मीटरांना क्रोनोमेट्रिक म्हणतात. आत खरोखरच घड्याळाची यंत्रणा असते. ती ठरावीक वेळ मोजते, तेवढ्या वेळात केबलचे किती फेरे झाले ते दातेरी चाकं मोजतात आणि काटा त्या आकड्यावर जाऊन थांबतो. म्हणून हा काटा सरळ सरकत नाही, ठेक्यात टप्पे घेत वर चढतो. ज्याने तो चढताना पाहिलाय, तो विसरत नाही.

नंतर चुंबकाची मीटरं सर्रास आली. ती कल्पना जर्मनीच्या ओटो शुल्झेची, 1902 च्या पेटंटमधली. गिअरबॉक्सकडून आलेली केबल एक चुंबक फिरवते. त्या चुंबकावर ॲल्युमिनियमची एक हलकी वाटी असते, दोघांचा एकमेकांना स्पर्शही होत नाही. तरी चुंबक फिरला की वाटी ओढली जाते, केसासारखी बारीक स्प्रिंग तिला मागे खेचते आणि या ओढाताणीत काटा वेग दाखवतो. इतकी साधी आणि इतकी हुशार रचना! एमजीबी, ट्रायम्फ, जॅग्वार अशा असंख्य गाड्या तिच्यावरच धावल्या.

ब्रिटिश गाड्यांतली बहुतेक मीटरं स्मिथ्सची. 1851 मध्ये सॅम्युएल स्मिथने लंडनमध्ये सुरू केलेलं हे मूळचं घड्याळांचं घराणं. जर्मन गाड्यांत व्हीडीओ आणि कीन्झ्ले दिसतात, इटालियन गाड्यांत व्हेलिया. नावं वेगळी, पण विद्या एकच, घड्याळजीची. बारीक स्क्रू, बारीक दाते, बारीक तेल आणि भरपूर सबुरी.

आता उलटी बाजू बघा. एमजीबीची अख्खी बॉडी आज नवी मिळते. ब्रिटिश मोटर हेरिटेज ही संस्था 1988 पासून ती बनवते आहे. पत्रा मिळतो, दारं मिळतात, सीटा मिळतात, इंजिनाचे पार्ट मिळतात. पण स्मिथ्सच्या जुन्या घड्याळाचं आतलं यंत्र कुणीही नव्याने बनवत नाही. जे शिल्लक आहे तेवढंच आहे. एक मीटर भंगारात गेलं की जगातला साठा एकाने कमी होतो.

ब्रिटनमधल्या हेरिटेज क्राफ्ट्स या संस्थेने 2017 मध्ये लुप्त होत चाललेल्या कारागिरीची यादी काढायला सुरुवात केली. मनगटी घड्याळं घडवण्याची कला त्या यादीत आहे. जिथे ही विद्या पिकली तिथे ही गत, मग आपल्याकडे किती सावध राहायला हवं!

‘हे काही दुरुस्त होत नाही’ हे खरं नाही

दुरुस्ती टाळायला आपल्याला एक वाक्य पुरतं, ‘जुनं आहे, आता काही होत नाही.’ बहुतेक वेळा हे वाक्य मीटर न उघडताच म्हटलं जातं. म्हणून आधी उघडून बघू या.

गाडीतलं विजेवरचं जुनं घड्याळ घ्या. आत एक बॅलन्स चाक पुढे-मागे झुलत असतं. झुलताना ते क्षणभर एक संपर्क जोडतं, तेवढ्यात विद्युतचुंबक त्याला हलकासा धक्का देतो आणि झोका चालू राहतो. वर्षानुवर्षं ठिणग्या पडून संपर्काची टोकं काळी होतात. तेल वाळून चिकट होतं. झोका मंदावतो आणि घड्याळ थांबतं. इतकंच! यंत्र मेलेलं नसतं, माखलेलं असतं. नीट धुतलं, टोकं हलक्या हाताने चकचकीत केली, चुळींवर सुईच्या अग्रावर मावेल एवढं घड्याळाचं तेल दिलं की अशी कित्येक घड्याळं पुन्हा टिकटिकतात.

पण संपर्क जुळलेला असतानाच चाक थांबलं तर कॉइलमधून वीज वाहतच राहते आणि कॉइल जळते. म्हणून बंद पडलेल्या घड्याळाची वायर आधी सोडवून ठेवा. गाडी महिनोन् महिने उभी राहणार असेल तर बॅटरीचं कनेक्शन काढा. एवढ्या एका सवयीने कितीतरी कॉइली वाचतील.

कीन्झ्लेच्या घड्याळांची तऱ्हा जरा वेगळी. तिथे विद्युतचुंबक स्प्रिंगला थोड्या-थोड्या वेळाने चावी देतो. कॉइल वाचावी म्हणून लवकर वितळणाऱ्या कथलाचा एक जोड मुद्दाम ठेवलेला असतो. बॅटरी उतरली की तो जोड गरम होऊन सुटतो आणि घड्याळ बंद पडतं. लोक समजतात घड्याळ संपलं, पण प्रत्यक्षात त्याने स्वतःला वाचवलेलं असतं. तो जोड पुन्हा लावायचा तोही तशाच लवकर वितळणाऱ्या कथलाने. नेहमीचं कथील वापरलं तर पुढच्या वेळी जोड सुटणार नाही, कॉइल जाईल.

आता पेट्रोल आणि पाण्याच्या तापमानाचे काटे. 1960 च्या दशकापासून अनेक ब्रिटिश गाड्यांत ही दोन्ही मीटरं एका छोट्या व्होल्टेज स्टॅबिलायझरवर चालतात. बॅटरीचा दाब कमी-जास्त झाला तरी तो मीटरांना सरासरी 10 व्होल्ट देतो. दोन्ही काटे एकाच वेळी चुकीचं दाखवू लागले तर दोष बहुधा त्या स्टॅबिलायझरचा किंवा त्याच्या अर्थिंगचा असतो. तो एक सुटा भाग बदलला की काम होतं. हे माहीत नसल्यामुळे दोन चांगली मीटरं काढून फेकणारे कमी नाहीत.

सगळ्यात सुंदर दुरुस्ती जुन्या तापमान मीटरची. त्याला वायर नसते, तांब्याची केसासारखी बारीक नळी असते. नळीच्या टोकाला एक फुगा, त्यात इथर. इंजिन तापलं की इथरची वाफ दाब वाढवते आणि काटा वर जातो. नळी वाकून तुटली की इथर उडून जातं आणि मीटर निकामी झालं असं आपण धरून चालतो. पण जाणकार कारागीर त्याच जातीचं एक स्वस्त नवं मीटर घेतो. त्याचा फुगा पॉट आइस्क्रीमसारख्या बर्फ-मिठात बुडवून ठेवतो, म्हणजे आतलं इथर गारठून द्रव होऊन फुग्यातच बसतं. मग नवी नळी कापतो, जुन्या मीटरच्या नळीला बारीक पुंगळी घालून जोडतो आणि डाग देतो. जुनी डायल, जुना काटा, आत नवा जीव. इथर झटकन पेट घेतं, म्हणून हे काम ज्याला येतं त्यानेच करावं. पण होतं, आणि उत्तम होतं.

सांगायचा मुद्दा हा, की ही मीटरं उघडता यावीत अशीच बनवली होती. स्मिथ्सच्या कितीतरी मीटरांची पुढची कडी जरा फिरवली की तिचे दात खाचांशी जुळतात आणि काच सुटी होते. बनवणाऱ्याने दार ठेवलंय. ते उघडायची विद्या आपण घालवायची नाही.

आपल्याला याचं काय?

कुणी म्हणेल, चार हौशी मालकांच्या गाड्या, त्यांची घड्याळं चालली काय आणि थांबली काय! पण थोडा विचार करू.

एक, मीटर हा दागिना नाही. ऑइल प्रेशरचा काटा खाली आला आणि चालकाला तो दिसला तर इंजिन वाचतं. तापमानाचा काटा खरं बोलत असेल तर घाटात गाडी वेळेवर बाजूला घेता येते. मुकं मीटर घेऊन खंडाळा चढणं ही जोखीम आहे.

दोन, हा आपल्या वारशाचा भाग आहे. 2021 मध्ये केंद्राने मोटार वाहन नियमांत बदल केला. 50 वर्षांहून जुन्या आणि मूळ रूपात जपलेल्या गाड्यांना ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी आणि ‘व्हीए’ अक्षरांची खास मालिका मिळाली. कायद्याने मूळ रूपाला मान दिला. मग गाडीत बसल्यावर जे सतत डोळ्यांसमोर असतं, त्याचं मूळ रूप आपण का सोडावं?

तीन, आणि हे सर्वांत महत्त्वाचं. ही विद्या आपल्या माणसांच्या हातांत आहे. मुंबईच्या टॅक्सी-रिक्षांची जुनी यांत्रिक भाडेमीटरं आठवा. केबलवर फिरणारी, दातेरी चाकांची. ती गल्लीबोळांत दुरुस्त व्हायची. 2012 नंतर इलेक्ट्रॉनिक मीटरं आली आणि त्या कारागिरांचं काम आटलं. एचएमटीची चावीची घड्याळं घराघरांत होती, त्यांच्यावर घड्याळजींच्या पिढ्या तयार झाल्या. 2016 मध्ये एचएमटी वॉचेस बंद करण्याचा निर्णय झाला. 2023 च्या ऑक्टोबरात मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सीही गेली. गाड्या गेल्या, मीटरं गेली. पण ते हात अजून आपल्यात आहेत. टॅक्सीचं मीटर उघडणारा माणूस एमजीचा स्पीडोमीटर उघडू शकतो, बॅलन्स बसवणारा माणूस जॅग्वारचं घड्याळ चालू करू शकतो. गरज आहे ती त्यांच्याकडे काम नेण्याची.

कामाविना कारागिरी टिकत नाही. मीटर बदलून नवं बसवलं की तेवढं एक काम कारागिराच्या बाकड्यावरून कायमचं जातं. दुरुस्त करून घेतलं की ते काम बाकड्यावर येतं, आणि शेजारी बसलेलं एखादं पोर ते बघत शिकतं.

आपण काय करू या?

गाडीमालकांनो, पहिली विनंती तुम्हाला. काढलेलं मूळ मीटर कधीही फेकू नका. त्याला चिठ्ठी बांधा, कोणत्या गाडीचं, काय बिघाड, कधी काढलं. कोरड्या डब्यात ठेवा. अगदी इलाजच नसेल आणि आत क्वार्ट्झचं यंत्र बसवावं लागलं तर बसवा, पण जुनं यंत्र पुडीत घालून गाडीसोबतच ठेवा. उद्याचा मालक ते चालू करून घेईल.

घरच्या घरी करण्यासारखंही बरंच आहे. स्पीडोमीटरचा काटा थरथरत असेल तर आधी केबल तपासा. ती कोरडी पडलेली किंवा कुठेतरी मुरगळलेली असते. ग्रीस अगदी कमी लावा आणि मीटरकडचं टोक कोरडं ठेवा, नाहीतर ग्रीस वर चढून मीटरात शिरतं. गाडी धावत असताना ट्रिपचे आकडे शून्यावर आणू नका, आतले दाते तुटतात. घड्याळात फवाऱ्याचं तेल मारू नका. डायल कापडाने पुसू नका, छापलेले आकडे त्या कापडावर उतरून येतात. 1960 च्या दशकापर्यंतच्या कितीतरी ब्रिटिश गाड्यांत बॅटरीची धन बाजू अर्थला असते. वायरिंग उलटवलेलं असेल तर इलेक्ट्रॉनिक टॅकोमीटर जोडण्याआधी जाणकाराला विचारा.

एक इशाराही हवा. विशेषतः महायुद्धाआधीच्या काही डायलींवर अंधारात चमकणारे आकडे रेडियमच्या रंगाचे असतात. चमक गेली म्हणजे धोका गेला असं नाही. रेडियम अर्धं व्हायलाच सुमारे 1,600 वर्षं लागतात. असा रंग खरवडू नका, त्याची भुकटी उडू देऊ नका. ती डायल तशीच झाकून ठेवा आणि माहितगारांच्या हाती द्या.

घड्याळजींनो आणि मीटरवाल्यांनो, तुमच्याकडे एक मागणं आहे. गाडीचं मीटर आलं तर ‘हे आपलं काम नाही’ म्हणून परत पाठवू नका. एकदा उघडून बघा. आत तुमच्या ओळखीचीच मंडळी भेटतील. आणि शक्य असेल तर एकाला हाताशी घ्या. आपला मुलगा-मुलगी या धंद्यात येणार नसेल तर शेजारचं कुणी येईल. वेळेचे आणि कसबाचे पैसे मोकळेपणाने मागा. मालकांनीही ते घासाघीस न करता द्यावेत. बॉडीच्या रंगाला लाखभर रुपये देणाऱ्याने मीटरच्या मजुरीवर खळखळ करणं शोभत नाही.

आयटीआय आणि इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांनो, प्रोजेक्टसाठी विषय शोधताय ना? स्पीडोमीटर तपासायचं टेबल बनवा. हिशोब अगदी सोपा आहे. मैलांच्या अनेक डायलींवर खाली बारीक आकडा छापलेला असतो, केबलचे एका मैलाला किती फेरे ते सांगणारा. समजा तो 1000 आहे. ताशी 60 मैल म्हणजे मिनिटाला एक मैल. म्हणजे मोटर मिनिटाला 1000 फेऱ्यांनी, योग्य दिशेने, फिरवली की काटा बरोबर 60 वर उभा राहायला हवा. फेरे मोजणारी, वेग स्थिर ठेवणारी मोटर तुम्ही सहज बनवाल. असं एक टेबल कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये असलं तर आसपासच्या सगळ्या जुन्या गाड्यांची सोय होईल, आणि तुम्हाला चुंबक, स्प्रिंग, विद्युतप्रवाह पुस्तकाबाहेर काम करताना दिसतील.

क्लबांच्या पदाधिकाऱ्यांनो, रॅलीत सर्वोत्तम रंगाला बक्षीस असतं, सर्वोत्तम इंजिनाला असतं. मूळ मीटरं चालू असलेल्या डॅशबोर्डलाही एक बक्षीस ठेवा. मालक आपोआप कारागिरांना शोधू लागतील. वर्षातून एक रविवार मीटरांसाठी द्या. मालकांनी बंद मीटरं आणावीत, कारागिरांनी ती सगळ्यांसमोर उघडावीत. निकामी मीटरांची सामाईक पेटी करा, एकाच्या निकामी मीटरातलं चाक दुसऱ्याला जीवदान देतं. इंग्लंडात एमजी कार क्लब 1930 पासून चालू आहे. मालक संघटित राहिले म्हणूनच पार्ट पुन्हा बनवायला कुणी तरी पुढे आलं. आपण संख्येने कमी आहोत, पण एकमेकांच्या जवळ आहोत. नाशिकच्या मालकाने पुण्याच्या कारागिराला गाठणं काही अवघड नाही.

आणि ज्यांच्याकडे जुनी गाडीच नाही, त्यांनीही बाजूला उभं राहू नये. पुण्याच्या जुन्या बाजारात, मुंबईच्या चोर बाजारात, भंगारवाल्याच्या ढिगात स्मिथ्स, जेगर किंवा व्हीडीओ लिहिलेली गोल डायल दिसली तर ती उचला, क्लबला कळवा. घरच्या माळ्यावर आजोबांच्या गाडीचं मीटर सापडलं तर रद्दीबरोबर देऊ नका. ओळखीचा जुना घड्याळजी असेल तर त्याच्या परवानगीने त्याचे हात काम करताना मोबाइलवर टिपा. कुठला चिमटा कसा धरला, चाक कसं बसवलं, आवाज ऐकून दोष कसा ओळखला, हे सगळं मराठीत, त्याच्याच शब्दांत. पुस्तकात न आलेली विद्या अशीच पुढे जाईल.

यातलं एकही काम एकट्याच्या आवाक्याबाहेरचं नाही. कुणी मीटर जपेल, कुणी दुरुस्त करेल, कुणी शिकेल, कुणी शिकणाऱ्याला दारापर्यंत पोचवेल. कारागीर आहेत, मीटरं आहेत, शिकायची तयारी असलेली मुलं आहेत. मात्र या तिघांची गाठ घालायला आपल्याला फार तर दहा-पंधरा वर्षं आहेत. त्यानंतर विचारायला कुणी उरणार नाही.

म्हणून उद्यावर टाकू नका. तुमच्या गावातल्या घड्याळजीचं दुकान अजून उघडं आहे. बंद पडलेलं मीटर कापडात गुंडाळा, त्याच्याकडे घेऊन जा, आणि जाताना शिकायची आवड असलेल्या एखाद्या मुलाला किंवा मुलीला सोबत न्या.